रखमाबाईंचा नकार

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वैशाख म्हणजे लग्नांचा महिना. एकदा मृगाचा पाऊस पडला आणि भाताची पेरणी सुरू झाली, की कोणालाच सवड नसते. म्हणून त्याच्या आत सगळी कार्ये उरकून घेतात. गावात एकाच दिवशी एका आळीत हळद असते, तर दुसऱ्या मोहल्ल्यात निकाह.

निकाह तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पुरुषमंडळी बाहेर मंडपात बसलेली असतात. एक वकील आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत जातात. ते नवरीला मुलाचे नाव सांगतात, मेहरची रक्कम सांगतात आणि हे लग्न कबूल आहे का, असे विचारतात. कधी मुलगी स्पष्ट उत्तर देते. कधी ती नुसतीच मान खाली घालते आणि भोवतालच्या बायका तिच्या गप्प राहण्यालाच होकार समजतात. ते बरोबर की चूक, हा वेगळा विषय आहे. पण प्रश्न विचारला जातो.

या पाठात जिची हकिकत आहे, तिला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. तिच्या समाजात तशी रीत नव्हती आणि कायद्यालाही त्याची गरज वाटत नव्हती. पुढे कोर्टात तिने आपली बाजू मांडली, तेव्हा तिच्या सगळ्या म्हणण्याचे सार हेच होते.

रखमाचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील एका सुखवस्तू घरात झाला. तिच्या आईचे नाव जयंतीबाई आणि वडिलांचे जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. आज जी मुलगी बारावीच्या वर्गात बसते, तिच्या वयाला जयंतीबाईंचा संसार संपलासुद्धा होता. जाण्यापूर्वी जनार्दन यांनी मृत्युपत्र करून आपली मालमत्ता पत्नीला दिली होती.

त्या काळी उच्च मानल्या जाणाऱ्या हिंदू जातींत विधवेचे पुन्हा लग्न होत नसे. सुतार समाजात मात्र होत असे. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. त्या लग्नापूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता लहानग्या रखमाच्या नावावर करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या भांडणात या मालमत्तेचे नाव वारंवार निघणार आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची परवानगी मिळाली होती. पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या संपत्तीवरचा वारसाहक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता. पुरुषाने दुसरे लग्न केले, किंवा पहिली बायको घरात असताना तिसरे केले, तरी त्याची एक पैही जात नसे.

डॉक्टर सखाराम अर्जुन हे शिकलेले आणि विचारी गृहस्थ होते. वैद्यकीबरोबरच वनस्पतिशास्त्राचाही त्यांचा अभ्यास होता. पुढे १८८३ मध्ये मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांनी रखमाला पोटच्या मुलीसारखे वाढवले. तरीही ती अकरा वर्षांची होताच तिचे लग्न झाले. डॉक्टरांसारख्या माणसाच्या घरातही मुलीला अविवाहित ठेवण्याची हिंमत नव्हती. समाजाचा धाक एवढा मोठा होता.

नवऱ्या मुलाचे नाव दादाजी भिकाजी. तो एकोणीस वर्षांचा होता आणि डॉक्टरांच्या नात्यातला होता. त्याने घरजावई म्हणून सासरीच राहावे, डॉक्टरांनी त्याचा खर्च करावा आणि त्याने शिकून शहाणे व्हावे, असे ठरले होते. पण दादाजीला शाळेची गोडी लागली नाही. काही काळाने तो डॉक्टरांचे घर सोडून आपल्या मामाकडे राहायला गेला.

रखमाची शाळाही लग्नाबरोबर सुटली. मात्र पुस्तके सुटली नाहीत. मिशनच्या वाचनालयातून ती घरी पुस्तके आणवून घेई आणि एकटीच वाचत बसे. इंग्रजीही ती अशीच शिकली. मुंबईतल्या सुधारक स्त्रियांच्या बैठकांना जाऊ लागली. मुलगी वयात आली की तिला नवऱ्याकडे पाठवण्याची प्रथा होती, पण डॉक्टरांनी ते होऊ दिले नाही. इतक्या लहान वयात मूल झाले तर मुलीच्या शरीराचे काय होते, हे ते रोज आपल्या दवाखान्यात पाहत होते. अशी अकरा मिनिटे नव्हे, अकरा महिने नव्हे, तर सात-आठ वर्षे गेली. पती मामाच्या घरी, पत्नी आईच्या घरी.

या वर्षांत रखमाबाई मोठ्या झाल्या आणि त्यांचा निश्चयही पक्का झाला. ज्याच्याशी आपले मन जुळत नाही आणि ज्याला आपण निवडले नाही, त्याच्या घरी आपण नांदायला जाणार नाही, असे त्यांनी ठरवले.

नांदणे हा मराठीतला एक खास शब्द आहे. सासरी राहून संसार करणे, असा त्याचा अर्थ. सुखाने राहणे हाही त्याचा अर्थ आहे. कोर्टाला यांतला पहिलाच अर्थ ठाऊक होता.

१८८४ मध्ये दादाजीने आपल्या वकिलामार्फत पत्र पाठवून पत्नीची मागणी केली आणि नंतर मुंबई हायकोर्टात दावा लावला. आपली लग्नाची बायको आपल्या ताब्यात द्यावी, ही त्याची मागणी होती. दादाजीची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचे म्हणणे असे होते, की रखमाबाई आपण होऊन नकार देत नाहीत. सासरच्या लोकांना मालमत्ता घराबाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणून ते तिला फितवत आहेत. रखमाबाईंचे म्हणणे उलट होते. दादाजी आणि त्याचे मामा यांचा डोळा आपल्या संपत्तीवर आहे, तो आजारी असतो, त्याला उत्पन्न नाही आणि त्याच्या मामाच्या घरातले वातावरण आपल्याला राहण्याजोगे नाही, असे त्यांनी सांगितले.

खटल्याच्या कागदांत तुम्हांला ओळखीचे पुष्कळ शब्द भेटतील. वकील, दावा, हुकूम, कैद, मुदत, खर्च, हजर हे सारे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आणि तुमच्या उर्दूतही आहेत. कोर्टाची पायरी चढताना मराठी आणि उर्दू दोघी एकाच दप्तराने जातात.

असा दावा लावता येतो, ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली नव्हती आणि इस्लामी शरियतमधलीही नव्हती. ती इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून इंग्रजांबरोबर इकडे आली होती. घर सोडून गेलेल्या जोडीदाराला परत घरी आणण्याचा हुकूम ती न्यायालये देत असत. हिंदुस्थानात मुसलमानांच्या बाबतीत हा प्रश्न आधीच उभा राहिला होता. शम्सुन्निसा बेगम या बंगालमधील एका श्रीमंत स्त्रीने आपल्या पतीचे घर सोडले. पती मुन्शी बजलुर रहीम यांनी तिला परत आणण्यासाठी दावा केला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तेथील न्यायाधीशांनी १८६७ मध्ये ठरवले, की मुसलमान पतीलाही असा दावा लावता येतो. मात्र पतीने पत्नीला क्रूरपणे वागवले असेल, तर कोर्टाने तिकडे लक्ष दिले पाहिजे. म्हणजे दोन्ही समाजांच्या घरांत एकच परकी चावी फिरू लागली होती. आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. या हुकुमाचा भंग करणाऱ्याला इंग्लंडात कैद होत असे. १८८४ मध्ये, म्हणजे दादाजीने मागणी केली त्याच वर्षी, इंग्लंडने ही कैदेची शिक्षा रद्द केली. हिंदुस्थानात मात्र ती चालूच राहिली.

रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे प्रसिद्ध कायदेपंडित होते. खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉक्टर सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. घरातला मोठा आधार गेला. त्याच वर्षी मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे आली. लिहिणारीने नाव दिले नव्हते. खाली फक्त एक हिंदू स्त्री एवढीच सही होती. ती पत्रे रखमाबाईंचीच होती. लग्नामुळे मुलाचे शिक्षण थांबत नाही, मुलीचे थांबते. पुरुषाला हव्या तितक्या बायका करता येतात, स्त्रीला मात्र एका लग्नातूनही बाहेर पडता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढे सुनावणी झाली. २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी निकाल दिला. रखमाबाईंच्या वकिलांना बाजू मांडण्याची वेळसुद्धा त्यांनी येऊ दिली नाही. दादाजीची बाजू ऐकूनच त्यांनी दावा फेटाळला. त्यांनी सांगितले, की लग्न झाले तेव्हा ही मुलगी असहाय बालिका होती आणि ती पतीबरोबर कधीच राहिलेली नाही. जे कधी सुरूच झाले नाही, ते परत सुरू करण्याचा हुकूम कसा द्यायचा? एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या घरी पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले.

या निकालाने मोठे वादळ उठले. लोकमान्य टिळकांनी त्यावर कडक टीका केली. हिंदूंच्या लग्नात परक्या सरकारच्या कोर्टाने ढवळाढवळ करू नये, अशी या बाजूच्या लोकांची भूमिका होती. गंमत अशी, की पत्नीला खेचून आणण्यासाठी लावलेला दावाही परक्या सरकारच्याच कोर्टात होता. त्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. दुसऱ्या बाजूला पारशी सुधारक बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीसाठी समिती झाली. तिच्यात एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ हेही होते.

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला. हिंदू कायद्याप्रमाणे लग्न पूर्ण झाले आहे, मुलीची संमती त्यासाठी लागत नाही आणि म्हणून असा दावा चालतो, असे ठरवून त्यांनी खटला पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला. शेवटी ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे; न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद.

रखमाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. आपण तुरुंगात जाऊ, पण त्या घरी जाणार नाही, असे त्यांनी कळवले. चोरी, मारामारी यांसाठी तुरुंगात जाणारे पुष्कळ असतात. घराचा उंबरठा ओलांडायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात जायला निघालेली अशी स्त्री लोकांनी पाहिली नव्हती.

याच आठवड्यात आणखी एक दुःखद घटना घडली होती. तुम्ही मुरबाडहून एसटीने किंवा आसनगावहून लोकलने कल्याणला जाता. त्या कल्याणात आनंदीबाई जोशी यांचे बालपण गेले. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते काही दिवसांतच गेले. पतीच्या आग्रहाने त्या शिकल्या आणि अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. फॅरन यांच्या हुकुमाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. एकीच्या पतीला पत्नीने शिकावे असे वाटले, दुसरीच्या पतीला तसे वाटले नाही. स्त्रीचे सगळे आयुष्य नवरा कसा निघतो यावर अवलंबून होते, कारण कायद्याने तिच्या स्वतःच्या हाती काहीच ठेवले नव्हते.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून त्यांचे लग्न मोडले, असे काही ठिकाणी सांगितले जाते. पण खटल्याचा शेवट तसा झाला नाही. जुलै १८८८ मध्ये दोन्ही बाजूंत तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हुकुमाची अंमलबजावणी करण्याचा हक्क सोडून दिला. लग्न मात्र मोडले नाही, कारण ते मोडण्याची सोयच हिंदू कायद्यात नव्हती. पुढच्या वर्षी दादाजीने दुसरे लग्न केले. ते कायदेशीर होते. रखमाबाईंना तसे करता येत नव्हते. कायद्याच्या नजरेत त्या दादाजीच्या पत्नीच होत्या.

हा अन्याय एकाच धर्माच्या स्त्रियांवर होता असे समजू नका. हिंदुस्थानातल्या ख्रिश्चनांसाठी १८६९ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला होता. पत्नीने व्यभिचार केला एवढ्यावर पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा फरक २००१ पर्यंत टिकला. मुसलमान पती तलाक देऊ शकत होता. पण नांदवत नाही आणि सोडतही नाही अशा पतीपासून सुटका करून घेणे पत्नीला फार अवघड होते. १९३९ च्या कायद्याने तिला कोर्टात जाऊन निकाह रद्द करून मागण्याची निश्चित कारणे मिळाली. त्यांतले एक कारण रखमाबाईंच्या हकिकतीशी नेमके जुळते. पंधरा वर्षांची होण्यापूर्वी वडिलांनी किंवा पालकाने मुलीचा निकाह लावला असेल आणि पतिपत्नी एकत्र राहिले नसतील, तर अठरा वर्षांची होण्यापूर्वी ती मुलगी तो निकाह नाकारू शकते. फिक्हच्या पुस्तकांत याला खियार-उल-बुलूग म्हणतात. वयात आल्यावर निवड करण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ. रखमाबाई कोर्टाकडे असाच काहीतरी हक्क मागत होत्या; त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात त्यासाठी शब्दच नव्हता.

तडजोडीनंतर रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉक्टर एडिथ पेची यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. ही पदवी मिळवून त्या मायदेशी परतल्या. हिंदुस्थानात प्रत्यक्ष डॉक्टरकी करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्यांची नेमणूक सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात झाली. वीसपेक्षा अधिक वर्षे त्यांनी तेथे काम केले. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून पळत होते, तेव्हा त्या रुग्णांजवळ राहिल्या. त्यानंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्या मुख्य डॉक्टर झाल्या. येथे पडद्यातल्या स्त्रिया, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, त्यांच्याकडे येत. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही ज्या कचरत, त्यांना रखमाबाईंचा आधार वाटे. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा नाहीसा व्हावा असे सांगणारी एक पुस्तिका लिहिली.

मधल्या काळात, १९०४ मध्ये, दादाजीचे निधन झाले. ती बातमी कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा त्यांनी तुरुंग बरा मानला, त्याच्यासाठी त्यांनी असे का केले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. काहींच्या मते त्यांच्या मनावर रूढीचा पगडा राहिलाच होता. मला वाटते, त्यांचे भांडण दादाजीशी तितके नव्हते. कायद्याने हे लग्न लग्नच आहे असे ठरवले होते, आणि तो संपल्याची खूण त्यांनी अंगावर घेतली. पण मनातले कोण सांगणार?

कायदा हळूहळू बदलत गेला. १८९१ मध्ये मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या पत्नीला कैदेत टाकण्याची तरतूद रद्द झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने हिंदू स्त्रीपुरुषांना प्रथमच घटस्फोट मागता येऊ लागला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेता येते.

१८ मे १९५५ रोजी देशात हिंदू विवाह कायदा अमलात आला. हिंदू पुरुषाला एकाच वेळी दोन बायका करण्याची बंदी झाली आणि पत्नीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात, पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही दुसऱ्याला नांदायला बोलावण्याचा दावा लावू शकतो, असेही लिहिले आहे. त्यासाठी आता कैद होत नाही, पण हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. ज्या दाव्याने रखमाबाईंची चार वर्षे खाल्ली, तो दावा असा कायद्यात राहिलाच. रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या आणि मुंबईत राहत होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले.